बोर्ड गेमची संध्याकाळ : तुमच्या गटात काय घडतं?

आमच्याकडे दर शनिवारी संध्याकाळी काही मंडळी बोर्ड गेम खेळायला जमतात. कालपर्यंत एकमेकांना न ओळखणारी माणसं तीन तास एका टेबलाशी रमतात, हे मला फार मोलाचं वाटतं. तुमच्या गावात, सोसायटीत, परदेशातल्या शहरात असा गट असेल तर अनुभव लिहा. कोणता खेळ जमला, नवख्यांना कोण शिकवतं, गट टिकला की विस्कटला, सगळं लिहा. खेळांची नावं जरूर द्या, नव्याने गट काढणाऱ्यांना उपयोग होईल. सुरुवात मीच करतो.

पुणे

आमच्या गटात नियम समजावून सांगायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे असतं, आणि मला ते मनापासून आवडतं. पहिल्यांदा येणाऱ्यांपुढे मी 'कॅटन' मांडतो. क्लाउस टॉयबर यांचा १९९५ सालचा हा जर्मन खेळ. १९ षटकोनी तुकड्यांचं बेट, त्यावर वस्त्या आणि रस्ते बांधायचे, आधी १० गुण करणारा जिंकला. लहानपणी 'व्यापार' खेळताना ज्याचं दिवाळं निघायचं तो उरलेला वेळ नुसता बघत बसायचा. कॅटनमध्ये कुणी बाद होत नाही. शिवाय फासे कुणीही टाकले तरी तुमच्या वस्तीशेजारच्या तुकड्यावरचा आकडा पडला की तिथला माल (वीट, मेंढी, गहू वगैरे) तुम्हालाही मिळतो, त्यामुळे दुसऱ्याच्या पाळीतही लक्ष पटावरच राहतं.

सांगताना मी आधी जिंकायचं कसं ते सांगतो, मग आपल्या पाळीत काय काय करता येतं ते. अपवाद त्या त्या वेळी. दोन फाशांवर ७ पडण्याचे ६ मार्ग, ६ किंवा ८ चे प्रत्येकी ५, आणि २ किंवा १२ चा एकेकच, एवढं मात्र सुरुवातीलाच सांगतो. ते कळलं की पहिली वस्ती कुठे ठेवायची हे नवा माणूस स्वतः ठरवतो, आणि तिथून खेळ त्याचा होतो. मागच्या खेपेला बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि इंजिनिअरिंगचा एक मुलगा एका विटेवरून घासाघीस करत होते. "काका, दोन मेंढ्या देतो, पण वीट द्या." काका म्हणाले, "गहू असेल तर बोल." दोघांची ओळख जेमतेम अर्ध्या तासाची होती!

ठाणे

अपवाद नंतर सांगायचे, हे अगदी पटलं. आमच्या सोसायटीत मात्र माणसं जास्त, त्यामुळे कॅटन चालत नाही. आम्ही 'कोडनेम्स' खेळतो. २५ शब्द मांडायचे, दोन संघ, आणि संघप्रमुखाने एक शब्द व एक आकडा एवढाच इशारा द्यायचा. इंग्रजी पत्त्यांमुळे काही जणी गप्प बसायच्या, म्हणून जुन्या व्हिजिटिंग कार्डांच्या मागे मराठी शब्द लिहून काढले. परवा एका काकूंनी "लग्न, तीन" असा इशारा दिला आणि त्यांच्या संघाने हार, पाट, तांदूळ तिन्ही बरोबर उचलले. आधी कडेला बसणाऱ्या याच काकू आता संघप्रमुख व्हायला पुढे येतात. खर्च शून्य. शब्द सगळ्यांच्या रोजच्या वापरातले ठेवा, एवढंच सांगेन.

श्टुटगार्ट, जर्मनी

इथे खेळसंध्येला 'श्पीलआबेंड' म्हणतात आणि लोक ती गांभीर्याने घेतात. पाण्याचे ग्लास पटापासून लांब, पत्ते हाताळण्याआधी हात धुतलेले. माझं जर्मन तेव्हा कच्चं होतं, म्हणून पत्त्यांवर मजकूर नसलेले खेळ शोधले. 'कार्कासोन' आणि 'अझूल' त्यात उत्तम. कार्कासोनमध्ये फरशा जुळवत नगरं आणि रस्ते वाढवायचे, वाचायला काहीच नाही. शेजारची आजी हळूहळू एकेक शब्द म्हणायची, मी तिच्यामागून. भाषेच्या वर्गापेक्षा त्या टेबलावर मी जास्त बोलायला शिकले, असं मी खात्रीने म्हणेन.

एकदा त्याच आजींनी घरचा जुना 'मेन्श एर्गेरे डिश निष्ट' आणला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जर्मन घराघरांत खेळला जाणारा खेळ. पट पाहिला आणि ओळखलाच: अधिकाचा आकार, चार रंग, सोंगटी बाहेर काढायला सहा. आपली पचिसी लुडोमार्गे इथवर आलेली. मी सांगितल्यावर आजींनी सगळ्यांना थांबवलं आणि मला मूळ पचिसी कशी खेळतात ते विचारलं. कागदावर पट काढून दाखवला. कवड्यांच्या जागी कॉफीच्या बिया घेतल्या, एका बाजूने सपाट असल्याने त्या छान चालतात.

नाशिक

आमचा गट बंद पडला. दोघांना चार-चार तासांचे अवघड खेळच हवे असत आणि दर वेळी तेच मांडले जायचे. नवे लोक एकदा आले की परत फिरकत नसत. पहिला खेळ पाऊण तासात संपणारा हवा, हे मी आग्रहाने सांगेन.

सातारा

श्टुटगार्टच्या ताईंचं वाचून राहवलं नाही. आमच्या गल्लीत रविवारी पाच-सहा घरची मंडळी ओट्यावर जमतात आणि आम्ही चल्लस-आठ खेळतो. खडूने पाच बाय पाच घरं आखायची, चारही बाजूंची मधली घरं आणि मधोमधचं घर फुलीचं. फुलीवरच्या सोंगटीला कुणी मारू शकत नाही. चार अर्धे चिंचोके उडवायचे: चारही पांढरे वर आले तर चार, चारही काळे आले तर आठ, आणि दोन्ही वेळी पुन्हा पाळी. चिंचोके फोडताना मधोमध फुटले नाहीत तर दान एकाच बाजूला झुकतं, म्हणून आम्ही घासून सारखे करतो. बाहेरचा फेरा पुरा केला की सोंगटी आतल्या घरांत वळते, पण निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आमच्याकडे आत शिरू देत नाहीत. यामुळे शेवटपर्यंत चुरस राहते. आठवीतली मुलं मोबाइल घरी ठेवून येतात, कारण पाळी चुकली तर थांबून राहणारं कोणी नाही.

आमच्या मामांच्या गावी मारण्याची अट नाही, सरळ आत जातात. तुमच्याकडे कसं खेळतात? आणि चारापेक्षा जास्त जण असतील तर सात बाय सातच्या पटावर जोड्या कशा लावता, तेही लिहा. येत्या रविवारी आम्ही आठ जण आहोत.