'पॅरिटी'ला 'समता' म्हणावं का?

भाची बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या क्वांटम भौतिकीच्या नोट्समध्ये 'पॅरिटी'ला (डाव्या-उजव्याची अदलाबदल केल्यावर कणाची अवस्था तशीच राहते की तिचं चिन्ह पालटतं, हे सांगणारा गुण) 'समता' लिहिलंय आणि दोन ओळींनी 'विषम समता'. काल विचारत होती, "मामा, विषम आहे तर समता कशी?" नागपूरची पोर, दीक्षाभूमी घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. तिला समता म्हणजे स्वातंत्र्य, समता, बंधुता यांतली समता, आणि विषमता तिच्या नेमकी उलट. मग सरळ 'सममिती' म्हटलं तर?

———

सममिती नको दादा. सममिती विहिरीची, म्हणजे कण कोंडलेल्या जागेची असते, पॅरिटी त्या विहिरीतल्या अवस्थेची. अनंत उंच भिंतींची विहीर घ्या आणि अंतर मोजायचं शून्य बरोबर मध्यावर धरा. (पुष्कळ पुस्तकं ते डाव्या भिंतीशी धरतात, आणि सगळा मुद्दा तिथेच झाकला जातो.) डाव्या-उजव्याची अदलाबदल केली तरी विहीर तशीच, ही झाली सममिती. त्या अदलाबदलीत वेव्ह फंक्शन (कणाची अवस्था सांगणारं गणिती फलन) जसंच्या तसं राहिलं तर पॅरिटी अधिक एक, नुसतं चिन्ह पालटलं तर उणे एक. तळाची, सगळ्यांत कमी ऊर्जेची अवस्था सम (अधिक एक), चौपट ऊर्जेची दुसरी विषम (उणे एक), नऊपट ऊर्जेची तिसरी पुन्हा सम.

विषम म्हणजे असममित नव्हे, हे भाचीला जरूर सांगा. वेव्ह फंक्शनचा वर्ग केला की उणे चिन्ह जातं. कण सापडण्याची शक्यता दोन्ही अंगांना सारखीच.

———

आज करून पाहिलं. ग्राफपेपरवर तिनं पहिल्या दोन अवस्थांचे वक्र काढले, मध्यरेषेवर घडी घातली आणि कागद खिडकीच्या उजेडात धरला. पहिल्याचा उंचवटा स्वतःवरच बसला. दुसऱ्यात डावीकडचा उंचवटा अक्षाच्या वर, उजवीकडचा खड्डा तेवढाच खाली. "म्हणजे बिघडलं काहीच नाही, फक्त उलटलं," ती म्हणाली. माझ्या मते व्याख्या हीच. पण शब्द?

———

'समविषमता' अर्थाला चोख आहे, बोलताना मात्र जड जातो. 'समता' मला अजिबात पटत नाही. ली आणि यांग या भौतिकशास्त्रज्ञांनी १९५६ साली क्षीण अन्योन्यक्रियेत (किरणोत्सारी बीटा क्षयामागच्या बलात) पॅरिटी पाळली जाते का, अशी शंका काढली आणि भौतिकशास्त्रज्ञ वू यांच्या कोबाल्ट-६० या किरणोत्सारी कोबाल्टवरच्या प्रयोगातून ती पाळली जात नाही हे १९५७ साली दिसलं. त्याला 'समतेचा भंग' म्हटलं तर वाचणाऱ्याच्या मनात वेगळीच बातमी उभी राहील. मी 'पॅरिटी'च ठेवतो, आणि पुढे 'सम अवस्था', 'विषम अवस्था'.

———

तिनं 'विषम समता' खोडून 'विषम अवस्था' केलंय.