उंदरावरची ६ मिमीची जखम: कंट्रोलही आठव्या दिवशी बंद होते, मग औषधाचा फरक दिसणार कसा?

पेशीपुराण (प्रश्न):
मांडणी अशी आहे. सी५७ ब्लॅक ६ जातीचे १० उंदीर, वय १० आठवडे. मणक्याच्या दोन्ही बाजूंना ६ मिमीच्या बायोप्सी पंचने (कातडीचा गोल तुकडा कापणारं हत्यार) पूर्ण जाडीची एकेक जखम. डाव्या जखमेवर औषध मिसळलेलं हायड्रोजेल १०० मायक्रोलिटर, उजव्या जखमेवर सलाइन (तुलनेसाठीचा कंट्रोल), दोन्हींवर पारदर्शक फिल्म. रोज फोटो काढून इमेज-जे या सॉफ्टवेअरमध्ये क्षेत्रफळ मोजतो.

१. आठव्या-नवव्या दिवशी दोन्ही बाजू बंद, फरक जवळपास शून्य.
२. जखमेच्या कडा ओढल्या जाऊ नयेत म्हणून भोवती सिलिकॉनचं कडं सायनोअॅक्रिलेटने चिकटवलं तर तिसऱ्या दिवसापर्यंत निम्मी कडी गळतात.
३. कापांना पिक्रोसिरियस रेड (कोलॅजन रंगवणारा रंग) लावून ध्रुवित प्रकाशात पाहिलं तर औषधाच्या बाजूला हिरवा रंग जास्त दिसतो. म्हणजे टाइप ३ कोलॅजन (कातडीतलं तंतुमय प्रथिन) जास्त, म्हणून व्रण कमी, असं लिहिता येईल का?

टाका_सहाशून्य:
उंदराच्या कातडीखाली पॅनिक्युलस कार्नोसस हा पातळ स्नायूचा थर असतो आणि त्याची कातडी अंगावर सैल सरकते. त्यामुळे जखम भरून येण्याआधी कडाच ओढल्या जाऊन जवळ येतात. माणसात मुख्य काम ग्रॅन्युलेशन टिश्यू (जखम भरणारं नवं ऊतक) आणि वरून सरकणाऱ्या एपिथेलियमचं (कातडीचा सर्वांत वरचा थर) असतं. तुमच्या आलेखात दिसतंय ते बहुतांश आकुंचन. औषध एपिथेलियमवर काम करणारं असेल तर ते त्या आकुंचनाखाली झाकलं जाणारच.

तेव्हा कडं हवंच, पण नुसत्या गोंदावर नको. ०.५ मिमी जाडीच्या सिलिकॉन शीटमधून आतला व्यास ८ मिमी आणि बाहेरचा १५-१६ मिमी अशी कडी कापा. जखम बरोबर मध्ये येऊ द्या. गोंद फक्त बाहेरच्या कडेपाशी, खालच्या बाजूने, बारीक रेघेत. तो जखमेत उतरला की तिथे वेगळीच सूज सुरू होते आणि ती तुमच्या औषधाच्या खात्यावर जमा होते. खरी पकड ६-० नायलॉनच्या सहा ते आठ सुट्या टाक्यांची. टाका कातडीच्या पूर्ण जाडीतून जाऊ द्या, पण करकचून आवळू नका, नाहीतर टाक्याखालची कातडी मरते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी टाका अलगद सुटून येतो.

आता १०० मायक्रोलिटरचा हिशोब करू. ८ मिमी व्यासाच्या कड्याचं क्षेत्रफळ साधारण ५० चौ. मिमी, उंची ०.५ मिमी, म्हणजे त्यात मावतात २५ मायक्रोलिटर. जखमेचा खड्डा अर्धा मिमी धरला तर आणखी १४. एकूण चाळिसाच्या आत. उरलेलं जेल कड्याखाली शिरतं, फिल्म उचलतं आणि गोंद सोडवतं. तुमची कडी गळण्याचं एक कारण बहुधा हेच. मात्रा ३० वर आणा आणि त्या प्रमाणात औषधाची तीव्रता वाढवा.

दुसरं कारण शेजारी. एका पिंजऱ्यात दोन उंदीर ठेवले की एकमेकांची कडी कुरतडतात. शस्त्रक्रियेनंतर एकेकटे ठेवा. कडं सुटलं तर काय करायचं (किती टाके सुटेपर्यंत चालेल, कधी तो प्राणी वगळायचा) हे प्रयोगाआधीच लिहून ठेवा. निकाल बघून ठरवलं तर त्याला अर्थ नाही.

आकडेमोड:
वरचं सगळं मान्य. माझा आक्षेप कंट्रोलवर आहे. सलाइन हा हायड्रोजेलचा कंट्रोल होऊच शकत नाही. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवर दाखवलं की फिल्मखाली ओलसर ठेवलेल्या जखमेवर एपिथेलियम उघड्या, खपली धरलेल्या जखमेच्या साधारण दुप्पट वेगाने येतं. जेल स्वतःच ओल टिकवतं. म्हणून औषधाविना तेच जेल हा गट लागतोच. पुढे फरक दिसला तर तो औषधाचा की ओलाव्याचा, हे एरवी सांगता येणार नाही.

दुसरं, डावी-उजवी मांडणी. औषध रक्तात शोषलं गेलं तर उजवी बाजूही ‘उपचारित’ झाली. लहान रेणू असेल तर गट वेगवेगळ्या प्राण्यांवर करा. आणि १० उंदरांच्या २० जखमा म्हणजे २० नमुने नव्हेत, १० च. दोन्ही जखमांना समान उपचार असेल तर प्राण्यागणिक सरासरी घ्या किंवा मिक्स्ड मॉडेल (एकाच प्राण्यावरच्या जखमांचं नातं धरणारी सांख्यिकी पद्धत) वापरा.

केसांचं चक्रही बघा. कातडीत केस वाढीच्या अवस्थेत असतील तर ती जाड असते आणि जखम लवकर भरते. काळ्या उंदरात हे डोळ्यांनी कळतं. क्लिपर फिरवल्यावर कातडी गुलाबी दिसली तर केस विश्रांतीत आहेत, राखाडी-काळे पट्टे दिसले तर तो प्राणी बाजूला ठेवा. केस उपटू नका, वॅक्स नको. त्यानेच वाढीची अवस्था सुरू होते. क्रीम वापरायचं तर आदल्या दिवशी, मिनिटभराच्या आत पुसून.

फोटो रोज नको. दर वेळी फिल्म काढताना नवं एपिथेलियम सोलवटतं. एक दिवसाआड, भूल देऊन, कॅमेरा काटकोनात, मोजपट्टी जखमेच्याच पातळीवर. कडा आखणाऱ्याला गट माहीत नसावा.

सूक्ष्मदर्शी:
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, असं लिहू नका.

ध्रुवित प्रकाशात पिक्रोसिरियसचा रंग कोलॅजनचा प्रकार सांगत नाही. तो तंतूंची जाडी, घनता आणि मांडणी सांगतो. जाड, घट्ट तंतू लाल-नारिंगी, बारीक तंतू हिरवट. काप ५ ऐवजी ८ मायक्रॉनचा झाला तरी रंग सरकतो, स्लाइड फिरवली तरी बदलतो. टाइप ३ म्हणायचं असेल तर त्या प्रथिनाचं अँटीबॉडीने रंगकाम करा. शिवाय नव्या जखमेत बारीक तंतू असणारच. तुमचं हिरवं हे ‘व्रण कमी’ नसून नुसतं ‘उशीर’ असू शकतं.

काप कुठून घेतला याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. जखम गोल आहे. मध्यापासून २ मिमी बाजूला काप गेला तर ६ मिमीची जखम ४.५ मिमीची दिसते, म्हणजे फुकटचं २५ टक्के ‘भरणं’. ऊतक फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी कागदावर सपाट पसरा, मग बरोबर मध्यातून कापा आणि कापलेली बाजू खाली ठेवून ब्लॉक बनवा. मूळ कडा ओळखायला पॅनिक्युलस कार्नोससची तुटलेली टोकं शोधा. दोन टोकांमधलं अंतर आकुंचन दाखवतं, दोन्ही बाजूंनी आलेल्या एपिथेलियमच्या जिभांमधलं अंतर उरलेली उघडी जखम. हे दोन आकडे वेगळे दिलेत की निम्मा वाद मिटतो.

पेशीपुराण:
आभार, जेल-गट आणि नवी मात्रा लगेच घेतो. आणखी दोन गोष्टी: याच मॉडेलवरून भाजलेल्या जखमांबद्दल काही म्हणता येईल का? आणि वेदनाशामक कोणतं?

चटका:
नाही म्हणता येणार. पंचने केलेल्या जखमेत मेलेलं ऊतक उरतच नाही. भाजण्याचा सगळा प्रश्नच त्या ऊतकाचा आहे. जॅक्सन यांनी १९५३ मध्ये मांडलेले तीन पट्टे आठवा: मध्ये गोठून मेलेला भाग, भोवती रक्तप्रवाह मंदावलेला, त्याबाहेर लालसर. उपचाराने वाचू शकतो तो दुसरा, रक्तप्रवाह मंदावलेला पट्टा, आणि तुमच्या मॉडेलमध्ये तो नाहीच.

त्यासाठी रॅटवर (मोठ्या जातीचा उंदीर) फणीचं मॉडेल आहे. चार दातांची पितळी फणी, दात १० बाय २० मिमी, मधल्या फटी ५ मिमी, उकळत्या पाण्यात तापवलेली. फटीतली न भाजलेली कातडी पुढच्या दोन-तीन दिवसांत किती मरते ते मोजायचं. फणीवरचे पाण्याचे थेंब टिपून घ्या, नाहीतर फटीही भाजतात. फणी स्वतःच्या वजनावरच टेकवा. हाताचा दाब प्रत्येक वेळी वेगळा पडतो आणि खोली बदलते. तापमान-वेळेचं नातं किती तीव्र आहे बघा: मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांच्या १९४७ च्या मोजमापात कातडी भाजायला ४४ अंश सेल्सिअसला सुमारे ६ तास लागतात, ६० अंशांना सुमारे ५ सेकंद. म्हणून स्टॉपवॉच ‘अंदाजे’ चालत नाही. उंदराची कातडी इतकी पातळ की अर्धवट खोलीचा भाजा जमवणं अवघड. त्यासाठी डुक्कर बरं.

वेदनाशामक: ब्युप्रेनॉर्फिन. मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेनसारखी औषधं दाहावरच काम करतात आणि तुम्ही मोजताय तोच टप्पा बदलतात. काहीही निवडा, सर्व गटांना सारखं द्या. आकडे स्वच्छ यावेत म्हणून वेदनाशामक टाळणं मात्र मंजूर नाही.

सूक्ष्मदर्शी:
व्रणाबद्दल राहिलंच. उंदराला माणसासारखा फुगीर व्रण आपोआप येत नाही. सशाच्या कानाच्या आतल्या बाजूला कूर्चेपर्यंत जखम करून पेरिकॉन्ड्रियम (कूर्चेवरचं आवरण) काढलं की कूर्चाच कड्याचं काम करते, आणि २८ व्या दिवशी उंचवटा मोजता येतो. तिथेही जपून: टीजीएफ-बीटा ३ या प्रथिनावर आधारलेलं, व्रण कमी करण्यासाठीचं औषध अॅव्होटर्मिन सुरुवातीच्या मानवी चाचण्यांत चांगलं दिसलं आणि २०११ मध्ये तिसऱ्या टप्प्यात नापास झालं. तुमच्या लेखात सध्या ‘जखम बंद होणे’ एवढाच शब्द ठेवा.