मदत हवी आहे: फोटोग्राफर आहे, कॅमेऱ्याबाहेरचा छंद सुचवा (कोकण)

खाडीकाठचा
नमस्कार मंडळी. १४ वर्षं फोटोग्राफीवर पोट भरतोय. आता चार महिने रिकामा आहे आणि फोटोग्राफी सोडून काहीतरी छंद लावून घ्यायचाय. वाचन सुचवू नका, ते चालूच आहे. टीव्ही नको. आठवडाभर नुसत्या ओटी ते पडवी येरझाऱ्या चालल्यात. ज्यांनी स्वतः काही केलंय त्यांनीच सांगा आणि जरा लवकर सांगा.

पाऊसपाणी
दादा, कोकण म्हणजे नक्की कुठे? डहाणूला राहता की दोडामार्गला? वय काय, खर्च किती करणार, घराला परसू आहे का? लग्नाचे फोटो काढता की पक्ष्यांचे? काहीच सांगितलं नाहीत तर सुचवायचं काय?

खाडीकाठचा
देवगड तालुका. लग्नं, मुंजी, बारशी. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत हे सगळ्यांना माहीत असेल असं वाटलं. वय ४१. परसू आहे. खर्च फार नको.

कोरडी_पेटी
रिकामे आहात तर आधी लेन्सकडे बघा. आपल्याकडे जुलैत हवेतला ओलावा ८०-९० टक्क्यांच्या घरात असतो. तो ६०-६५ च्या वर राहिला की काचेवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत लेन्स मुळीच ठेवू नका, ओल तिथेच कोंडते. हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि ओलावा दाखवणारं छोटं घड्याळ. काटा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरा. तांदळात ठेवणारे लोक आहेत, त्याची पूड आत जाते. माझी एक लेन्स अशीच गेली, म्हणून जीव तोडून सांगतोय.

खाडीकाठचा
आभार, पण हे मी विचारलं नव्हतं. माझ्या लेन्स डब्यात आहेत. छंद सांगा.

निळी_भरती
मी रत्नागिरीकडची. ओहोटीला खडकाळ किनाऱ्यावर फिरा. १२ वर्षं करतेय, अजून कंटाळा नाही. खडकातल्या डबक्यात समुद्रफुलं, शंखात राहणारे खेकडे, समुद्रकाकड्या, नशीब असेल तर छोटा माकूळ. वेळ काढायला पंचांग पुरतं. तिथीला पाऊणने गुणा, साधारण तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. तिथून सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात लांब जातं, एरवी न दिसणारे खडक तेव्हाच उघडे पडतात. उचललेला दगड होता तसा परत ठेवायचा, त्याच्या पोटाशी अंडी चिकटलेली असतात.

गळकरी
निळी_भरतीताई, आषाढात खडकावर पाठवताय त्यांना? शेवाळावरून पाय गेला तर उचलायलाही कोणी नसतं. नारळी पौर्णिमेआधी तिकडे जाऊ नये.
खाडीकाठचा, तुम्ही पाग (फेकायचं गोल जाळं) टाकायला शिका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, बाजारात ताजं मिळत नाही. पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे येतात. पाग खांद्यावर घेऊन, कडा दातात धरून असा भिरकावायचा की पाण्यावर गोल उघडला पाहिजे. तो गोल साधायला मला दोन पावसाळे लागले, पण साधला त्या दिवशी रात्री झोप आली नाही.

पाऊसपाणी
चढणीचे मासे अंडी घालायला चढत असतात, भाऊ. पोटात गाभोळी असलेलीच मादी धरली तर पुढच्या वर्षी ओढ्यात काय राहणार? आमच्या वहाळात लहानपणी जेवढे असायचे त्याच्या पावही उरले नाहीत.

गळकरी
वहाळ आटले ते वर काढलेल्या बोअरमुळे आणि वाळूमुळे. चार माणसांनी कालवणापुरते धरले म्हणून नाही.

पाऊसपाणी
दोन्हीमुळे. आणि आता 'कालवणापुरते' धरत नाहीत, वीज सोडून मारतात.

गळकरी
त्याला माझाही विरोध आहे. पाग आणि वीज एका मापात मोजू नका.

रोल_फिल्म
विषयावर येतो. मोठमोठ्या फोटोग्राफरांना कॅमेऱ्याबाहेरचं वेड होतं. अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स तरुणपणी मैफलीत वाजवणारा पियानोवादक व्हायची तयारी करत होता. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे तिचं सादरीकरण, असं तो म्हणायचा, ते उगाच नाही. कार्तिए-ब्रेसाँने सत्तरच्या दशकात कॅमेरा जवळजवळ बाजूला ठेवला आणि चित्रं काढत बसला, सुरुवातही त्याने चित्रकलेनेच केली होती. एडवर्ड स्टायकनने तर डेल्फिनियमच्या फुलझाडांच्या नव्या जाती तयार केल्या आणि १९३६ साली न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात फोटो नाही, ती फुलंच मांडली. तेव्हा तुम्ही चित्रकला धरा. स्केचबुक आणि पेन्सिल, खर्च दोनशे रुपये.

निळी_छपाई
सायनोटाइप करून बघा! दोन रसायनं पाण्यात कालवून कागदाला लावायची, वर पान किंवा शेवाळ ठेवायचं, उन्हात धरायचं, पाण्यात धुवायचं. निळ्यावर पांढरी आकृती उमटते. अ‍ॅना अ‍ॅटकिन्सने १८४३ पासून समुद्रशेवाळांचे ठसे असेच घेतले.

पाऊसपाणी
आषाढात ऊन कुठून आणायचं? आणि तीही फोटोग्राफीच झाली. त्यांनी ती सोडूनच मागितलंय.

निळी_छपाई
श्रावणात आणा. ढगातूनही उमटतं, वेळ जास्त लागतो एवढंच.

खाडीकाठचा
पाग, पेन्सिल, काहीच जमणार नाही. उजवा अंगठा गेलाय. अंगठ्याच्या मुळाशी मनगटाला सूज आहे, डॉक्टरांनी पट्टा बांधलाय, सहा आठवडे काही धरायचं नाही, पिळायचं नाही, वजन उचलायचं नाही. कप उचलला तरी कळ येते.

पाऊसपाणी
हे पहिल्या ओळीत लिहायचं ना हो!

दोन_लेकरांची_आई
डी क्वेर्वेन म्हणतात ते का? बाळंतपणानंतर मला झालं होतं, बाळाला सारखं काखेत धरून उचलल्याने. अंगठ्याच्या शिरा ज्या नळीतून जातात ती सुजते. विश्रांती खरंच घ्या. मी 'थोडं करते' म्हणत पीठ मळत राहिले आणि दुखणं तीन महिने लांबलं. मोबाइलवर अंगठ्याने लिहीत असाल तर तेही बंद करा.

खाडीकाठचा
तेच. आता डाव्या हाताने लिहितोय, म्हणून थोडक्यात.

कोरसातला
मग भजनात या. पखवाज नको, झांजही नको, मनगट लागतं. कोरसात बसा. बुवांनी अभंग उचलला की मागून धरायचा, एवढंच. आवाज नसला तरी चालतो, लय हवी. आमच्याकडे शनिवारी रात्री नऊला सुरू होतं ते बारा कधी वाजतात कळत नाही. पावसात देवळाच्या कौलांवर सर धडाडते, तिच्यावर आवाज चढवून गायचं, छाती मोकळी होते. फोटोग्राफर लोक दिवसभर गप्प राहून दुसऱ्यांना बघत असतात. तुम्हाला हे हवंय.

खाडीकाठचा
कोरसातला, बरोबर जागी बोट ठेवलंत, म्हणून आता सगळं लिहितो. मी भजनाला जातो. पाच मिनिटं बसलो की कोणीतरी म्हणतं, "अरे, आलास तसो एक फोटो काढ." जत्रेत तेच, दशावतारात तेच, मयतावर सुद्धा एकदा सांगितलं. गेल्या चतुर्थीला आमच्याच घरी आरती चालू असताना मी खुर्चीवर उभा राहून वरून फ्रेम बघत होतो. माझी मुलगी पाच वर्षांची. तिने विचारलं, "बाबा, तू आरती का नाही म्हणत?" घरातल्या एकाही फोटोत मी नाही, हे ठीक आहे, धंदाच तो. पण मला त्या दिवसातलं काही आठवतही नाही. फोटो उघडले की आठवतं. अंगठा हे निमित्त झालं. मला असं काहीतरी हवंय जिथे कोणी फोटो काढ म्हणणार नाही आणि मलाही काढावासा वाटणार नाही.

निळी_भरती
हे वाचून गलबलले. खडकांचा आग्रह मागे घेते, तिथे तुम्हाला सारखा फोटोच दिसला असता.

पंखवाला
पक्षीनिरीक्षण! आता तिबोटी खंड्या आलाय, रायगड जिल्ह्याचा पक्षी, चिमणीएवढा, जांभळा-नारिंगी. नवरंगही ओरडतोय. दुर्बीण डाव्या हाताने धरता येईल.

पाऊसपाणी
आणि त्यांना घेऊन जाल कुठे, घरट्याशी? तिबोटीच्या बिळासमोर वीस-वीस कॅमेरे लावून बसलेले मी बघितलेत. चोचीत पाल धरलेला पक्षी अर्धा तास फांदीवरून हलेना, पिल्लं आत उपाशी. फोटोग्राफीपासून पळणाऱ्या माणसाला त्या गर्दीत नेऊ नका.

पंखवाला
सगळे तसे नसतात. मी घरट्याजवळ जातच नाही.

माटयेकाकी
अरे बाबा, इतक्या लांब कित्याक जातस? चतुर्थी येतली. माटयेचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगूच्या चौकटीचा, सामान ओळखूक शिक. आता रानात सगळा उगवता हा. कवंडळ, कांगले, शेरवड, हरणा, तेरडो, नरमाची फळा. आमच्या वेळेक दहा वर्षांची पोरा डोळे मिटून आणीत. आता सगळी बाजारात विकत घेतत आणि विकणारो देता ता बांधतत. तुझ्या आवशीक इचार, तिका सगळा ठाऊक आसतला. तिच्यावांगडा जा. मोबाइल घराक ठेव.

रोल_फिल्म
काकी, पण हा छंद कसा? वर्षातून एक दिवस लागतो.

माटयेकाकी
एक दिस बांधूचा. बघूचा चार म्हयने. कवंडळाचो वेल आता दोन पानांचो आसा, तो आज ओळखलस तरच भादव्यात फळ खय गावात ता कळतला.

पानफूल
काकींना शंभर टक्के अनुमोदन. वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणून दोन गोष्टी जोडते. शेरवडाचं जे पांढरं 'पान' आपण माटवीला (काकींची माटी तीच) बांधतो ते पान नसतं. फूल त्याच्या शेजारचं, छोटं, केशरी. फुलाच्या खालच्या हिरव्या पाकळ्यांपैकी एकच वाढून पांढरी होते, लांबून किड्यांना दिसावी म्हणून. दुसरं, कळलावी मुलीच्या हातात देऊ नका. लाल-पिवळी फुलं सुंदर असतात, पण झाड सगळंच विषारी, कंद सर्वांत जास्त. तोडली तर हात धुवा.

गळकरी
आमच्याकडे माटवीला मासळीचं काही बांधत नाहीत, नाहीतर मी आलो असतो :) पण कल्पना चांगली आहे.

खाडीकाठचा
काकी, आईला विचारलं. ती चहा टाकत होती, गॅस बंद केला आणि म्हणाली, "चल." सांगतो पुढे काय ते.

खाडीकाठचा
(बऱ्याच दिवसांनी) मंडळी, पट्टा सुटला. आठवड्यातून तीन-चारदा आई, मी आणि मुलगी सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जातोय. मोबाइल घरी. पहिले चार दिवस हात आपोआप खिशाकडे जायचा. नंतर कधी थांबला ते कळलं नाही. आईला चालताना धाप लागते हे मला माहीत नव्हतं. ती प्रत्येक वळणावर थांबते आणि थांबली की एका झाडाचं नाव सांगते, मला वाटायचं ती शिकवण्यासाठी थांबते.
आता एक अडलंय. आई ज्याला कांगले म्हणते, त्याचं पुस्तकातलं नाव काय? आणि पुढे त्याचं काय होतं? तिलाही ठाऊक नाही, म्हणते चतुर्थीनंतर कोण बघायला जातंय.

पंखवाला
फोटो टाका, लगेच सांगतो.

खाडीकाठचा
फोटो नाही. काढणारही नाही. विचारा काय ते, बघून सांगतो.

पानफूल
वेल आहे की झुडूप? पानं समोरासमोर की एकाआड एक? कडा कशी?

खाडीकाठचा
आत्ता जाऊन आलो. वेल, आधाराच्या झाडावर चढलेला, खालचं खोड माझ्या मनगटाएवढं. पानं एकाआड एक. कडेला बारीक दाते, डोळ्यांना दिसण्याआधी बोटाला लागतात. कोवळ्या फांदीवर पांढरट ठिपके, नखाने खरवडले तरी जात नाहीत. फळांचे घोस टोकाला लोंबतात, फळ वाटाण्यापेक्षा जरा मोठं, हिरवं. एक फोडलं, आत तीन कप्पे. मुलगी म्हणाली, तीन खोल्यांचं घर.

पानफूल
फोटोपेक्षा हे चांगलं. ही मालकांगोणी. ते घोस आत्ता हिरवे असतानाच माटवीत बांधतात. नंतर फळं पिवळी होतात, तीन फाका होऊन उघडतात आणि आत केशरी-लाल गराने वेढलेलं बी दिसतं. दिवाळीनंतर त्याच वेलाकडे जा.

कोरडी_पेटी
मालकांगोणीचं तेल सांधेदुखीला लावतात. अंगठ्याला लावून बघा.

दोन_लेकरांची_आई
डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही लावू नका हो.

खाडीकाठचा
लावत नाही. वेल कुठला ते पक्कं लक्षात आहे: सड्यावरून उतरताना तिसरं वळण, आई जिथे बसते त्या दगडाच्या मागे, ऐनाच्या झाडावर चढलेला. पाच घोस वरती तसेच ठेवलेत. कोरसातला, या शनिवारी येतोय, मागच्या रांगेत जागा ठेवा.

माटयेकाकी
आवशीक सांग, काकीन इचारल्यान हा.