जीप सोडून पायी

‘बिग फाइव्ह (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) दिसले की सफारीत बघण्यासारखं उरतं काय?’ या प्रश्नावर माझं उत्तर एकच: आफ्रिकेतल्या झांबियातलं साऊथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान, आणि तेही पायी. चालत सफारीची पद्धत वन्यजीव संरक्षक नॉर्मन कार यांनी १९५०च्या दशकात तिथेच रुजवली.

पुढे बंदूकधारी वनरक्षक, मागे गाईड, मग आम्ही एका रांगेत. बोलायचं नाही, आणि काहीही झालं तरी पळायचं नाही! (बायकोने माझ्याकडे बघितलं ते उगाच नाही.) तीन तासांत जेमतेम चार किलोमीटर चाललो असू, कारण दर दहा पावलांवर थांबणं. तरसाची विष्ठा हाडं खाऊन खाऊन खडूसारखी पांढरी झालेली. पाणघोड्यांच्या वाटेला दोन चाकोऱ्या नि मधे उंचवटा, अगदी बैलगाडीच्या रस्त्यासारखा. पाय फाकवून चालतात म्हणून. हत्ती लांबूनच दिसला, पण वारा आमच्याकडून त्याच्याकडे वाहतोय म्हटल्यावर गाईडने मुकाट्याने सगळ्यांना मागे फिरवलं. जीपमध्ये वाऱ्याची दिशा कोण बघतं?

जायचं तर जून ते ऑक्टोबरमध्ये, गवत वाळलेलं असताना. बारा वर्षांखालच्या मुलांना बहुतेक ठिकाणी पायी नेत नाहीत, ते आधी विचारून घ्या. आणि भडक रंगाचे कपडे घरीच ठेवा.