'लोकेल'ला मराठीत काय म्हणावे?

एका अ‍ॅपच्या मराठी अनुवादात 'लोकेल निवडा'चे 'ठिकाण निवडा' झाले होते. लोकेल (locale) म्हणजे वापरणाऱ्याची भाषा आणि आकडे, तारखा वगैरे लिहिण्याची त्याच्याकडची पद्धत, यांची अ‍ॅपमधली निवड. ते दुरुस्त करायला बसलो आणि नेमका शब्द सुचेना, म्हणून हा प्रपंच.

'स्थान', 'स्थळ', 'ठिकाण' हे तिन्ही शब्द मला इथे चुकीचे वाटतात. माणूस कुठे बसला आहे याच्याशी लोकेलला देणेघेणे नाही. आकडे, तारखा, चलन, वर्णानुक्रम त्याला कसे दिसावेत, ते सगळे त्यात येते. जर्मन भाषा एकच. पण जर्मनीच्या लोकेलमध्ये १.२३४.५६७ लिहितात, तर स्वित्झर्लंडच्या लोकेलमध्ये १’२३४’५६७. उलट भारत देश एकच. तरी युनिकोड या लिप्यांची संगणकीय प्रमाणे ठरवणाऱ्या संस्थेच्या सीएलडीआर या लोकेलांच्या माहितीसाठ्यात मराठीला आपसूक देवनागरी अंक मिळतात आणि हिंदीला इंग्रजी. म्हणजे नुसते 'भाषा' म्हणून भागत नाही, नुसते 'देश' म्हणूनही नाही. 'भाषा-प्रदेश' त्यातल्या त्यात बरा, पण सर्बियनसारख्या भाषेत सिरिलिक की रोमन हेही सांगावे लागते, आणि लिपी त्या शब्दात कुठेच नाही.

माझा पहिला कल 'संकेत'कडे होता. 'सामाजिक संकेत' म्हणतो तेव्हा आपल्याला हीच रूढ पद्धत अभिप्रेत असते. अडचण अशी की 'कोड'लाही आपण संकेतच म्हणतो. मग लोकेल कोड, म्हणजे लोकेल ओळखण्यासाठी संगणकात लिहायची रोमन अक्षरे, होतील 'संकेताचा संकेत'! म्हणून मी 'प्रघात'वर आलो. 'आमच्याकडे तसा प्रघात आहे' या वाक्यातला अर्थ इथे जसाच्या तसा बसतो. लोकेल म्हणजे भाषाप्रघात.

आता कोड. 'संक्षेप' नको, कारण संक्षेप म्हटले की लोक अक्षरांवरून नाव ताडू लागतात आणि फसतात. 'केए' (ka) पाहून कन्नड वाटते, पण ती जॉर्जियन. कन्नडची अक्षरे 'केएन'. स्वित्झर्लंडचे 'सीएच' तर देशाच्या लॅटिन नावातून आले आहे. शिवाय भाषांची यादी आयएसओ ६३९ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाची आणि देशांची आयएसओ ३१६६ची, दोन्ही स्वतंत्र. 'एमआर' भाषांच्या यादीत मराठी, देशांच्या यादीत मॉरिटानिया. म्हणूनच भारतातल्या मराठीसाठी 'एमआर-आयएन' (mr-IN) लिहिताना भाषा आधी आणि लहान अक्षरांत, देश नंतर आणि मोठ्या अक्षरांत लिहितात. अक्षरांचा आकार हा निव्वळ रिवाज आहे, क्रम मात्र मोडता येत नाही. (मधली रेघ काही प्रणालींत खाली असते, त्याने अर्थ बदलत नाही.) या अक्षरांना मी 'खूण' म्हणेन: भाषेची खूण, देशाची खूण, प्रघाताची खूण.

अ‍ॅपमध्ये सध्या 'भाषा व प्रघात निवडा' असे घातले आहे. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ते अडते का, हे मला मनापासून जाणून घ्यायचे आहे. 'स्थानिकीकरण' या शब्दातही 'स्थान' आहेच, पण तो आता रुळला आहे. त्याला मी हात लावणार नाही.