चिखलदरा कोणाचा? पॉइंट पाहणाऱ्यांचा की तिथं राहणाऱ्यांचा?

मुक्कामी_गाडी:
अमरावती जिल्ह्यातल्या परतवाडा-चिखलदरा मार्गावर मी बावीस वर्षं एसटीत वाहक होतो. गेल्या रविवारी नातवाला घेऊन वर निघालो आणि घाटातच अडीच तास अडकलो. पुढं गाड्या, मागं गाड्या, दरीत पाण्याच्या बाटल्या. नातू विचारत होता, आबा, तुम्ही सांगायचे ते गाव हेच का?

मी त्याला सांगायचो ते वेगळंच. होळीच्या आधीच्या दोन दिवसांत गाडीत पाय ठेवायला जागा नसायची. दिवाळीनंतर अमरावती-अकोल्याकडं कामाला गेलेली कोरकू आदिवासी माणसं बोचकी, लेकरं घेऊन परतायची. कोणाला तिकिटाचे पाच रुपये कमी पडले तर मागच्या सीटवरचा अनोळखी माणूस देऊन मोकळा व्हायचा. मुक्कामी गाडी आत गेली की आमचं जेवण कोणाच्या घरी, हे गावानं आधीच ठरवलेलं असे. पावसात झाड आडवं पडलं तर लोक कुऱ्हाडी घेऊन यायचे, आणि गाडी निघेपर्यंत कोणी घरी जात नसे. सकाळच्या फेरीला गवळ्यांच्या दुधाच्या कॅन चढवायला प्रवासी हात लावायचे.

१८२३ साली हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सनला ही जागा सापडली. म्हणजे दोनशे वर्षांचं हे थंड हवेचं गाव, विदर्भातलं एकमेव. इथं कॉफीही पिकते. माझं मत स्पष्ट आहे: नवीन मोठी रिसॉर्टं आता बंद करा. पाहुणा आला तर त्यानं गावातल्या घरी उतरावं, गवळ्याची रबडी खावी, इथली कॉफी न्यावी, गाविलगड किल्ला गावातल्याच पोराबरोबर पाहावा. दरीवर होणाऱ्या काचेच्या स्कायवॉकनं, म्हणजे त्या झुलत्या पायपुलानं, गर्दी वाढेल, गावपण जाईल. तुम्हाला काय वाटतं?

घाटातला_जीपवाला:
काका, तुमच्या गाडीनं म्याबी शाळेत गेलो हाय, म्हनून रागानं नाई बोलून रायलो. पन तुमी निवृत्त झाले, पेन्शन घेता. मी जीप चालोतो. आमचा धंदा म्हनजे पावसाचे तीन महिने आन् दिवाळीच्या सुट्ट्या. बाकीच्या दिवसांत स्टँडवर जीप उभी असते अन् हप्ता चालूच असतो. माह्या बरोबरचे अर्धे पोट्टे पुण्याले गेले. गावपण-गावपण करता, पन गावात मानूसच नाई रायला तर ते कोनात पाह्याचं?

गोराघाट अन् हरिकेन या दोन पॉइंटांच्या मधात ४०७ मीटरचा स्कायवॉक होऊन रायला. कित्येक वर्षं झाली, कधी मंजुरी अडते, कधी काम. तो झाला तर उन्हाळ्यातबी लोक येतीन. मले तो पाह्यजे. रिसॉर्टातबी गावच्याच बाया धुनं-भांडं करतात. ते बंद केले तर त्यायच्या चुलीचं काय?

आशाताई_मेळघाट:
कंडक्टर दादा, तुमचं गाडीतलं लिहिलेलं वाचून डोळ्यांत पाणी आलं, कारण होळीच्या त्या गाडीत मी आईच्या मांडीवर बसून आले आहे. पण एका वाक्यानं खुपलं. "सापडली" म्हणता. आम्ही कुठं हरवलो होतो?

चिखलदऱ्याला लागून गाविलगड आहे. तो बहमनी सुलतान अहमदशहाच्या काळात, १४२५ च्या सुमाराला बांधला. नावच गवळ्यांवरून पडलं. त्याच्या आजूबाजूला गवळी होते, कोरकू होते, जनावरं चरत होती. मग चारशे वर्षांनी आलेल्या साहेबाला जागा सापडली कशी? पॉइंटांची नावं इंग्रजी, फलक मराठी-इंग्रजी, आणि आमच्या भाषेचा एक शब्द कुठं नाही. कोरकू ही मराठीची बोली नाही, मुंडा कुळातली स्वतंत्र भाषा आहे. वाघाला आम्ही कुला म्हणतो, मामाही म्हणतो. पोरं आता सांगायला लाजतात.

जीपवाल्या भाऊला मी दोष देत नाही. पण रिसॉर्टात भांडी घासणं म्हणजे रोजगार, आणि त्याचं मालक होणं म्हणजे काय? तो प्रश्न तुम्ही दोघंही विचारत नाही. १९७३-७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. पुढं बोरी, कोहा, कुंड अशी गावं उठवून खाली वसवली. तेव्हाही "विकास होईल" असंच कानावर पडलं होतं. आमचा गडली-सुसून नाच पाहायला शहरातले लोक आम्हाला कार्यक्रमात बोलावतात, टाळ्या वाजवतात आणि पोरींच्या पोषणाचं विचारत नाहीत. ते मी रोज घरोघरी वजनकाटा घेऊन पाहते.

दिल्ली_दरवाजा, अचलपूर:
ताईंच्या १८२३ च्या मुद्द्याला माझं पूर्ण समर्थन. त्याच्या वीस वर्षं आधी, १५ डिसेंबर १८०३ रोजी, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं गाविलगड नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. तोफांनी तट फोडून इंग्रज आत शिरले, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांत देवगावचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेचं वऱ्हाड निजामाकडं गेलं. आपल्या सगळ्यांच्या आजा-पणजांचं राज्य बदलणारी लढाई या डोंगरावर झाली, आणि सहलीला आलेली पोरं किल्ल्यावर सेल्फी काढून पुढच्या पॉइंटला जातात.

पण कंडक्टर साहेब, गर्दी कमी करा, हे मला पटत नाही. किल्ला ओस पडलाय म्हणून ढासळतोय. किल्ल्याच्या दिल्ली दरवाज्यावर कोरलेला गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचा पक्षी, पाहायला मी महिन्यातून एकदा जातो. दगडाच्या फटीत पिंपळ उगवलेले, तोफा गवतात पडलेल्या. माणसं येतील, विचारतील, तर कोणीतरी लक्ष देईल. माझं भांडण स्कायवॉकशी नाही. त्याच्यावर ओतलेल्या पैशातला थोडा तरी तटाच्या डागडुजीवर यावा, एवढंच मागणं आहे.

घाटातला_जीपवाला:
सर, पिंपळ काढाले चार पोट्टे लावा, मी पयला येतो. पन रोज फुकट नाई येणार.

मुक्कामी_गाडी:
आशाताई, "सापडली" हा शब्द मी मागं घेतो. शाळेत शिकवला तसाच लिहिला, विचार केला नाही. तुमचं वाचल्यावर कळलं, होळीच्या आठवणी लिहिताना मी गाडीतल्या माणसांबद्दल लिहिलं, पण डोंगर त्यांच्याआधीपासून कोणाचा होता, हे लिहिलंच नाही.

जीपवाल्या बाळा, पेन्शनचं तू बोललास, ते खरं आहे. माझं पोट भरलेलं आहे, म्हणून मी हे बोलू शकतो. तरी पाण्याचं सांग. उन्हाळ्यात तालुक्यातल्या गावांना टँकर लागतो. बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मग उन्हाळ्यात माणसं आली, तर त्यांच्या अंघोळीचं पाणी कोणाच्या हंड्यातून जाणार? शक्कर तलाव किती जणांना पुरेल? मला भीती आहे ती याची.

दुसरं, परतवाड्याजवळचं पायविहीर गाव बघ. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली त्यांना जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. उजाड टेकडीवर त्यांनी झाडं जगवली आणि आज सीताफळं ग्रामसभेमार्फत विकली जातात. कामही गावाचं, हिशोबही गावाचा. पर्यटनात हे का जमू नये? पाहुण्यांच्या खोल्यांचं बुकिंग ग्रामसभेच्या वहीत व्हावं. पोरं गाईड म्हणून निघतील त्यांचा दर गावानं ठरवावा.

आशाताई_मेळघाट:
वही कोण लिहील, तेही ठरवा. नाहीतर ती नेहमीप्रमाणे एकाच घरी राहते. बायकांच्या बचत गटाकडं द्या. जेवण तर त्याच करणार आहेत. आणि फलकावर गावाचं, ओढ्याचं कोरकू नाव आधी, मग बाकीचं. याला एक रुपयाही लागत नाही.

घाटातला_जीपवाला:
पाण्याचं काका बरोबर बोलले. मागच्या मे महिन्यात माह्या आईनं रात्री दोन वाजता नंबर लावला होता टँकरले. त्याच्यावर माह्याजवळ उत्तर नाई. स्कायवॉकवरचं माह्यं मत मात्र बदललं नाई. तो झाला पाह्यजे, पन पाण्याची सोय आधी करा, हे मी बी आता म्हनीन.

खोलीचं म्हनाल तर आमच्या घरी एक रिकामी हाय, कौलारू. पावसात कोपऱ्यात गळते, संडास मागच्या अंगणात. शहरातले लोक राह्यतीन का तिथं? आईले विचारलं, तर ते म्हनते पयले कौलं बदला, मंग पाहुने बोलवा. उद्या परतवाड्याले जाऊन कौलाचा भाव काढतो.