व्होल्टेजला मराठीत काय म्हणायचं? दाब, विभवांतर, का व्होल्टेजच?

रानपाखरू:
पुतणीच्या विज्ञानाच्या पुस्तकात विभवांतर आहे, पेपरात 'उच्चदाब वाहिनी तुटली' असं येतं, आणि आमच्या गावात सगळे 'आज होल्टेजच नाय' म्हणतात. हे तिन्ही एकच आहेत का? आणि अजून एक, पोरगी विचारते 11 केव्ही म्हणजे किती व्होल्ट आणि एमव्ही म्हणजे मिली का मेगा. कुणीतरी नीट सांगा राव.

मास्तर:
एकच आहेत, पण माझं मत विचाराल तर विभवांतर हा शब्द जड वाटला तरी सगळ्यात खरा आहे, कारण त्यात 'अंतर' आहे, म्हणजे दोन जागांमधला फरक. एक कूलोम प्रभार एका जागेवरून दुसरीकडे न्यायला एक ज्यूल काम करावं लागलं तर त्या दोन जागांत एक व्होल्ट. दाब म्हटलं की वाटतं तारेत काहीतरी ठासून भरलंय. मग 11 केव्हीच्या तारेवर चिमणी आरामात बसते ते कसं? तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर, दोन पायांत फरक जवळजवळ शून्य, बास.
दाब शब्द चुकीचा नाही हां. इंग्रजीतही जुने लोक इलेक्ट्रिक प्रेशर म्हणायचे, आणि हायटेन्शनमधलं टेन्शन म्हणजे ताणच, फ्रेंच लोक तर अजूनही व्होल्टेजला टेन्शनच म्हणतात.

डीपीवाला:
मास्तर बरोबर बोलले पण साइटवर विभवांतर म्हणालात तर लोक तोंडाकडे बघतील. आमच्यात एचटी आणि एलटी, कागदावर उच्चदाब आणि लघुदाब, आणि ट्रान्सफॉर्मरला कागदावर रोहित्र असलं तरी गावात डीपीच, 'डीपी जळाली' हेच सगळ्यांना कळतं.
पोरीला सांगा किलो म्हणजे हजार, संपलं. 11 केव्ही म्हणजे 11 हजार व्होल्ट, 33 केव्ही म्हणजे 33 हजार, 132 केव्हीचं सबस्टेशन म्हणजे 1 लाख 32 हजार. उलटं करायचं तर तीन घरं मागे, 433 व्होल्ट म्हणजे 0.433 केव्ही.
पण खरा घोळ शून्यांचा नसतो, घोळ असतो की आकडा कशाकशाच्या मधला आहे. डीपीच्या पाटीवर 11 केव्ही आणि 433 व्होल्ट लिहिलेलं असतं, आणि लोक विचारतात मग घरात 230 कसं? अहो ते 433 दोन फेजच्या मधलं, फेज आणि न्यूट्रलच्या मधलं काढायचं तर 1.732 नं भागा, 250 येतं. डीपीला चिकटून घर असेल आणि लोड कमी असेल तर 250 च्या आसपास मिळतं, शेवटच्या खांबावरच्या माणसाला वायरीतच पडून पडून 200 च्या खाली पण जातं, आणि मग त्याची विहिरीवरची मोटर उचलत नाही, नुसती घूं घूं करते. दाब कमी झाला तरी पाणी तेवढंच ओढायचं असतं म्हणून मोटर जास्त करंट घेते, वाइंडिंग तापतं आणि जळतं. लोकांना वाटतं जास्त होल्टेजनंच मोटर जळते, कमीनं पण जळते.

रानपाखरू:
हे 11 केव्ही पण दोन तारांच्या मधलंच का मग?

डीपीवाला:
हो दादा. एक तार आणि जमीन यांच्यात 6.35 केव्ही. माणूस मरायला तेवढं पण भरपूर झालं, त्यामुळे तुटलेल्या तारेजवळ जायचं नाही ते नाहीच.

ईसीजीताई:
आमच्याकडे सगळं मिलिव्होल्टमध्ये चालतं. ईसीजीच्या कागदावर उभे 10 मिलिमीटर म्हणजे 1 मिलिव्होल्ट, म्हणजे बारीक चौकोन 0.1 चा. घरच्या 230 व्होल्टशी ताडून बघा, 230 व्होल्ट म्हणजे 2 लाख 30 हजार मिलिव्होल्ट! म्हणून पेशंटच्या उशाशी खराब वायरचं काही चालू असलं तर सॉकेटचे 50 हर्ट्झ आत घुसतात आणि रेघ सगळी दातेरी होते. इथेही फरकच मोजतो बरं का, पहिली लीड म्हणजे डावा हात आणि उजवा हात यांच्यातला. मेंदूचं ईईजी तर मायक्रोव्होल्टमध्ये, आणि एक मायक्रोव्होल्ट म्हणजे मिलिव्होल्टचा हजारावा भाग.

मास्तर:
ताई, यावरून एमव्हीचं सांगून टाकतो. रोमनमध्ये छोटा एम मिली, म्हणजे हजारावा भाग, आणि मोठा एम मेगा, म्हणजे दहा लाख, दोघांत 100 कोटी पटीचा फरक. देवनागरीत छोटं-मोठं अक्षर नाही, त्यामुळे 'एमव्ही' लिहिलं की वाचणाऱ्यानं ओळखायचं काय? सरळ मिलिव्होल्ट किंवा मेगाव्होल्ट पूर्ण लिहा. केव्हीला ती अडचण नाही.
आणि इलेक्ट्रॉनव्होल्टला यात ओढू नका, नावात व्होल्ट असला तरी ते ऊर्जेचं एकक आहे.

लोकलवाली:
मुंबईकरांसाठी एक भर. 1925 ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती 1500 व्होल्ट डीसीवर, आता लोकल 25 केव्ही एसीवर. व्होल्टमध्ये केलं तर 1500 चे 25000, साडेसोळा पटीच्या वर.

डीपीवाला:
जाता जाता, बातम्यांत '11 केव्हीए लाइन' लिहितात ते वाचून डोकं फिरतं. लाइन केव्हीची. केव्हीए डीपीचं, ती किती लोड झेलेल ते, 63 ची, 100 ची. 100 केव्हीएची असेल तर 433 व्होल्टला फेजमागे 133 अँपिअर, त्यावर वीजचोरीचे आकडे टाकले की फ्यूज उडणारच.

रानपाखरू:
कळलं. पुतणीला विभवांतर पाठ करायला सांगतो आणि घरात होल्टेजच म्हणतो 😀